परत धुवा

मोबाइलवरची ॲप कोण बनवतं असं विचारलं, तर लोक सांगतील, काचेच्या इमारतीत गार हवेत बसणारी, पंधरा-सोळा वर्षं शिकलेली माणसं. असतील. पण एक ॲप लाँड्रीच्या काउंटरवर बनलेलं आहे, वाफेत आणि साबणाच्या वासात, आणि ते बनवणारी बाई दहावी झालेली आहे. दहावीला तिला गणितात शहाण्णव मार्क होते. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण ती स्वतः सांगणार नाही.

लोक तिला नंबरताई म्हणतात. लाँड्रीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नंबर असतो. तो कापडाच्या छोट्या पट्टीवर लिहून कपड्याच्या आतून टाचतात, म्हणजे एकाची पँट दुसऱ्याच्या घरी जात नाही. असे तीनशे दहा नंबर, आणि तिला सगळे तोंडपाठ. माणूस दारात दिसला की तिला नावाआधी नंबर आठवतो. एकदा भर रस्त्यात एका बाईंना तिने विचारलं होतं, "दोनशे सहा, बऱ्या आहात ना?" आणि बाईही म्हणाल्या होत्या, "बरी आहे."

तिचा मोठा भाऊ त्याच लाँड्रीत. धुणं आणि इस्त्री त्याच्याकडे. शाळा सातवीपर्यंत, पण त्याच्या इस्त्रीची कॉलर अशी बसते की लोक कपाटात ठेवून नुसती बघतात. त्याला सगळे दादा म्हणतात, त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. आणि तो बहिणीला बारकी म्हणतो, ती चौतीस वर्षांची झाली तरी. वडील गेले तेव्हा बारकीने अकरावीची पुस्तकं आणलेली होती. त्यांना कव्हरं घालून झाली होती. पुस्तकं उघडायच्या आधी काउंटर आला, तो आलाच.

लाँड्रीत एक फोन होता, काउंटरवर, काळा, जुना. तो दिवसातून साठ वेळा वाजायचा आणि साठही वेळा एकच प्रश्न यायचा, कपडे झाले का? मग नंबरताई हातातलं टाचण सोडून छतापर्यंत गेलेल्या फळ्यांमध्ये शिडी लावायची, गठ्ठा शोधायची, खाली उतरायची आणि सांगायची, इस्त्रीला आहेत, संध्याकाळी या. पाच मिनिटांनी तोच माणूस पुन्हा फोन करायचा, संध्याकाळी म्हणजे किती वाजता?

एके दिवशी दादा वाचनालयाचे धुतलेले पडदे द्यायला गेला. तिथल्या फळ्यावर कागद लावलेला होता, मोबाइल ॲप बनवायला शिका, सहा महिने, संध्याकाळचा वर्ग, वयाची आणि शिक्षणाची अट नाही. दादाने तिथल्या तिथे फॉर्म मागितला आणि बहिणीच्या नावाने भरून टाकला. तिला विचारायचं वगैरे त्याच्या डोक्यातही आलं नाही. 'आवडी' असं लिहून पुढे रेघ होती, तिथे त्याने लिहिलं, हुशार आहे.

"दादा, मला संगणक चालू करता येत नाही," ती म्हणाली.

"मला तरी इस्त्री जन्मतः येत होती का? चटके खाल्ले, मग आली."

"तुझ्या चटक्यांचे डाग अजून तिघांच्या शर्टांवर आहेत."

"ते तिघं अजून आपल्याकडेच येतात ना? मग."

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा, आठवड्यातून तीन दिवस. बावीस जण शिकायला, त्यातले बरेचसे तिच्या निम्म्या वयाचे. शिकवणारे सरही तिच्याहून आठ वर्षांनी लहान, काडीसारखे, नेहमी चुरगळलेल्या शर्टात. पहिल्या दिवशी तिला सरांच्या शिकवण्यापेक्षा त्यांच्या बाह्यांचाच जास्त त्रास झाला.

इकडे दादाने त्याच पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलं, "आमची बारकी ॲप बनवते." ती तिकडे माउस सरळ धरायला शिकत होती. दुसऱ्या दिवसापासून फोनवर दोन प्रश्न यायला लागले, कपडे झाले का, आणि ॲप झालं का?

लाँड्रीच्या मालकीणबाई गल्ल्याजवळ बसून स्वेटर विणायच्या. बाराही महिने. त्यांनी सुई न थांबवता विचारलं, "काय करणार ते तुझं ॲप?"

"गिऱ्हाइकाला आपल्या फोनवर दिसेल. कपडे धुण्यात, इस्त्रीला, का तयार. फोन करायलाच नको."

"मग हा फोन काय करणार?"

"गप्प बसेल."

मालकीणबाईंनी काळ्या फोनकडे असं बघितलं, जसं निवृत्त होणाऱ्या माणसाकडे बघतात.

सरांनी शिकवलं, आधी संगणकाला हात लावायचा नाही, आधी कागद. तर नंबरताईने शर्टाच्या घडीत घालतात तो पुठ्ठा घेतला, फोनच्या मापाचा कापला, मध्ये खिडकी पाडली आणि मागून कागदाची पट्टी सरकवली. पट्टी ओढली की पुढचं पान. अशी बारा पानं. कागद गुंडाळून गुंडाळून वाकायचे, तर दादा त्यांवरून हलकी इस्त्री फिरवून द्यायचा. वर्गात बाकीच्यांचे कागद मळके, हिचे नव्या नोटेसारखे. सरांनी विचारलं, हे कसं जमवता? तिने खरं ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात सर शर्ट घेऊन लाँड्रीत आले. नंबर तीनशे अकरा.

पुठ्ठ्याच्या फोनचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दादाच. त्याने एका चित्रावर बोट ठेवलं. "हे प्रश्नचिन्ह कशाला? आपल्यालाच माहीत नाही का?"

"तो हँगर आहे."

"उलटा धर बघू. उलटा धरला तरी प्रश्नचिन्हच आहे."

हँगर गेला, तिथे शर्ट आला. मग खऱ्या फोनवर पहिलं पान उतरलं तेव्हा दुसरीच गंमत. दादाची बोटं इस्त्रीने भाजून इतकी निबर झालेली की काचेला ती बोटं वाटेचनात. तो दाबतोय, फोन ढिम्म. बोटाच्या कडेने दाबलं तर शेजारचं काहीतरी उघडायचं. तिने बटणं मोठी केली. तरी नाही. अजून मोठी केली. शेवटी एका पानावर खाली दोनच बटणं मावली, शेजारी शेजारी, अंगठा आडवा पडला तरी चुकणार नाहीत एवढी. वर्गातली पोरं हसली, ताई, ही बटणं आहेत का दरवाजे? ती म्हणाली, माझ्या भावाला लागली की जगात कुणालाही लागतील.

घरी आईचा गोंधळ वेगळाच. लाँड्रीत तुटलेली बटणंही शिवून देतात, ते तिला माहीत होतं. रोज लेक येऊन सांगते, आज बटण लागत नव्हतं, आज बटण जागेवरून सरकलं, आज बटण दाबलं तर पानच गेलं. आईने चार महिने ऐकलं. पाचव्या महिन्यात म्हणाली, "एक बटण लावायला एवढे दिवस? दे इकडे, मी लावते."

चुकाही तशाच. एकदा दोन तास ॲप उघडेचना. सगळ्या ओळी वाचून झाल्या. शेवटी सापडलं, एका ओळीच्या शेवटी कंस राहिला होता.

"एका कंसासाठी?" दादा म्हणाला. "शर्टाचं एक बटण नसलं तर अख्खा शर्ट बंद पडत नाही."

"इथे पडतो."

"मग शर्टच बरा."

पण ती घरी येताना गुणगुणत यायची. कुणाला सांगत नव्हती, पण तिला ते आवडत होतं. ओळ चुकली तर चुकली, बरोबर आली तर आली, मध्ये कुणाचं मत नाही. शहाण्णव मार्कांचं डोकं सतरा वर्षं फळीवर पडून होतं, ते कुणीतरी खाली काढून झटकल्यासारखं तिला वाटत होतं.

सहावा महिना लागला तेव्हा सरांनी सांगितलं, पुढे एक वर्षाचा मोठा वर्ग आहे. त्यात शिकणं आणि खऱ्या कामाच्या ठिकाणी बसणं, दोन्ही. जागा सहा. ज्याचं ॲप खऱ्या माणसांनी सात दिवस वापरलं, त्याला संधी. सात दिवसांत ॲपला हात लावायचा नाही, जसं आहे तसं. आठव्या दिवशी सर स्वतः येऊन त्या माणसांना विचारणार.

बावीस जण आणि सहा जागा. त्या रात्री जेवताना नंबरताईने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी टाचणी बोटात घुसवून घेतली दोनदा, तेव्हा दादाने विचारलं आणि तिने सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला ती जागा हवी आहे, दादा." एवढ्या वर्षांत तिने काही हवं असं म्हटलेलं दादाला आठवत नव्हतं. चपलासुद्धा तोच आणायचा, एक माप मोठ्या.

झालं, दादाच्या अंगात बळ आलं. ॲप लोकांच्या फोनवर घालून द्यायचं काम त्याने अंगावर घेतलं. तिने त्याला शिकवलं आणि ती काउंटरवर राहिली. हा दारातच उभा राहायचा, कपडे घेऊन येणाऱ्याचा फोन मागायचा, म्हणायचा, "आमच्या बारकीने बनवलंय. अख्ख्या शहरात असं नाही." दोन दिवसांत तेवीस फोन झाले, आणि दिवसभर 'कपडे झाले का' विचारणारे सगळे त्यातच होते. स्वतःच्या इस्त्रीच्या टेबलावर त्याने मालकीणबाईंचा टॅब टांगून घेतला. त्यावर कामाची यादी यायची, कुठला नंबर धुवायचा, कुठला इस्त्री करायचा. नवीन काम आलं की टिंग वाजायचं.

शनिवारी आठवडा सुरू झाला. दुपारी बारापर्यंत काळा फोन एकदाही वाजला नाही. मालकीणबाईंनी विणकाम खाली ठेवलं, रिसीव्हर उचलून कानाला लावला, चालू आहे बघून परत ठेवला. तासाभराने पुन्हा उचलला. "सवय गं," त्या म्हणाल्या. "घरातलं माणूस बोललं नाही की बघावं लागतं."

नंबरताई त्या दिवशी नुसतं बघायला म्हणून एकदाही शिडीवर चढली नाही.

सोमवारी सकाळी टॅब वाजला. एकेचाळीस नंबर, परत धुवा.

आता हे बटण तिनेच ठेवलेलं होतं. एखाद्या कपड्यावर डाग राहिला तर गिऱ्हाइकाने बोलणी खायला आणि द्यायला यायला नको, फोनवरच 'परत धुवा' दाबावं. त्याच्या शेजारी दुसरं बटण, 'घरी पाठवा'. तेवढीच ती दोन दरवाज्याएवढी बटणं.

एकेचाळीस म्हणजे घड्याळकाका. शेजारच्याच दुकानात घड्याळं दुरुस्त करतात. पांढरे शर्टच घालतात, पाच आहेत, पाचही लाँड्रीत. दादाने पाचही शर्ट फळीवरून काढून खिडकीशी धरले. डाग नाही. उलटे केले. नाही. दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर दादा भांडला असता. पण हा माणूस डोळ्याला भिंग लावून केसाएवढी चाकं बघतो. शेजारचाच, जातायेता फळीवरचाही डाग याला दिसला असेल. आणि दादाने, ज्याने आयुष्यात कुणाची तक्रार ऐकून घेतली नव्हती, पाचही शर्ट पुन्हा धुतले, पुन्हा इस्त्री केली.

दुपारी टिंग. एकेचाळीस, परत धुवा.

मंगळवारी दोनदा. आणि मंगळवारीच एकशे सात नंबर, पडदेवाल्या आजी, मोठ्या घरातले मोठे पडदे, परत धुवा. बुधवारी पुन्हा आजी, पुन्हा काका.

दादाने बहिणीला एका शब्दाने सांगितलं नाही. तिचा आठवडा चाललाय, त्यात तक्रार कशाला? ॲप चुकत असेल हे तर त्याच्या मनातच आलं नाही. बारकीने बनवलेलं आहे, चुकलं असेल तर धुणं चुकलं असेल. ती विचारायची, "सगळं ठीक चाललंय ना?" हा म्हणायचा, "झकास." आणि मागे वळून आजींचे पडदे तिसऱ्यांदा पिळायचा. साबण संपत आला. मालकीणबाई म्हणाल्या, "एवढे कपडे आले कुठून?" दादा म्हणाला, "ॲपमुळे धंदा वाढलाय."

शुक्रवारी दुपारी घड्याळकाका दारात उभे राहिले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि काकांच्या अंगावर जाडजूड काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, कपाळावरून घाम ओघळतोय. नंबरताई काउंटरवर होती, दादा टेबलापाशी.

"माझे शर्ट," काका म्हणाले.

"काका, कोट का घातलाय?" तिने विचारलं.

"शर्ट नाहीत म्हणून. पाच दिवस बघतोय. रोज तेच, धुण्यात. शर्ट धुताय का शेती करताय?"

दादा पुढे आला. पाच दिवसांचं साठलेलं होतं. "तुम्हीच तर सांगताय, परत परत."

"मी काय सांगतोय?"

"परत."

"हो, परत. मला परत जायचं असतं."

"मग जा की. आम्ही कुठे धरून ठेवलंय?"

"अहो, त्या पानावरून परत. मागे. पहिल्या पानावर."

"मग परत कशाला दाबता?"

"परत जायला परत नाही दाबायचं, तर काय दाबायचं?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मालकीणबाईंची सुई थांबली, आणि ती सहसा थांबत नाही. नंबरताईने हात पुढे केला. "काका, फोन बघू."

काकांचा फोन हातात आला आणि ती बघतच राहिली. अक्षरं एवढी मोठी केलेली की पानावर जेमतेम चार शब्द. भिंग लावून दिवस काढणारा माणूस, दुकान बंद झाल्यावर त्याला बारीक काही बघायचं नसतं, म्हणून फोनचं अक्षर होईल तेवढं मोठं. आणि तिची ती दोन बटणं. एवढ्या मोठ्या अक्षरात त्यांत दोन शब्द मावत नव्हते. पहिला शब्द दिसायचा, पुढे तीन टिंबं. डाव्या बटणावर 'परत…' आणि उजव्या बटणावर 'घरी…'

परत. घरी.

म्हणजे ज्याला मागे जायचं असेल त्याने काय करावं? काकांनी तेच केलं. 'परत' दाबलं. पान हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. मागे जायचा खरा बाण तिने वर कोपऱ्यात ठेवला होता. काकांना वाटत होतं ती नक्षी आहे. 'नोंद झाली' अशी ओळ यायची, तीही मोठ्या अक्षरांमुळे खाली पानाबाहेर गेलेली.

"किती वेळा आलं, दादा?" तिने विचारलं.

दादा इस्त्रीची वायर सरळ करायला लागला.

"दादा."

"काकांचं आठ. आजींचं चार. त्यांच्याही फोनचं अक्षर एवढंच मोठं."

"आठ वेळा धुतले?" काका म्हणाले. त्यांनी दादाच्या हातातला शर्ट घेतला आणि उजेडासमोर धरला. शर्टातून रस्ता दिसत होता.

आधी मालकीणबाई हसल्या. मग काका. मग दादाही, कारण आता काय करणार? नंबरताई नाही हसली. ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. आठवडा जसा आहे तसा चालवायचा, हात लावायचा नाही, उद्या सर येणार. आणि उद्या सरांना पहिलं कोण भेटणार, तर एकेचाळीस नंबर.

दादा तिच्याजवळ उकिडवा बसला. "ऐक. काका आपलेच आहेत. आजींना मी सांगतो. दोघं म्हणतील, छान आहे. एकवीस जणांना तर काहीच झालेलं नाही."

काका म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. पण कमी बोलेन."

"नको," ती म्हणाली. "मला ती जागा हवी आहे, पण अशी नको." मग अचानक म्हणाली, "दादा, तू रोज काउंटरचं ऐकतोस. कपडा नीट झाला नाही तर लोक येऊन काय म्हणतात?"

"शिव्या देतात."

"त्याच्या आधी."

"डाग राहिलाय म्हणतात."

"परत धुवा म्हणतं का कुणी?"

दादाने डोकं खाजवलं. लाखभर गठ्ठे तरी झाले असतील आतापर्यंत. "नाही," तो म्हणाला. "कुणीच नाही. 'ताई, डाग राहिलाय', बास. धुवा हे आपण समजतो."

ती उठली. ड्रॉवरमधून पुठ्ठ्याचा फोन काढला, कोरी पट्टी घेतली आणि काउंटरवर वाकून लिहायला लागली. दुकान बंद व्हायच्या आत पट्टी झाली. दादाने तिच्यावरून इस्त्री फिरवली.

शनिवारी सकाळी दहाला सर आले, शर्ट चुरगळलेलाच. दादाने रात्रभर भाषण तयार केलं होतं, तेवीस फोन, अख्ख्या शहरात असं नाही, वगैरे. त्याने घसा साफ केला. पण बहीण आधी बोलली.

"सर, एक मिनिट. हा काकांचा फोन. त्यांच्या पानावरून मागे जाऊन दाखवा."

सरांनी फोन घेतला. बघितलं. भुवया वर गेल्या. ते रोज दहा तास ॲप बघणारे, त्यांचा अंगठा आपोआप खाली गेला, आणि डाव्या बटणावर पडला.

मागून टॅब वाजला. टिंग.

"एकेचाळीस," दादा टेबलावरून म्हणाला. "परत धुवा. काका, आता शर्टाच्या जागी नुसती बटणं मिळतील."

सरांनी फोनकडे बघितलं, टॅबकडे बघितलं, काकांच्या कोटाकडे बघितलं. पुन्हा दाबलं. टिंग. आणि तो काडीसारखा माणूस काउंटरला धरून हसायला लागला. नंबरताईने सगळं सांगितलं, आठ वेळा शर्ट, चार वेळा पडदे, काही लपवलं नाही. मग पुठ्ठ्याचा फोन पुढे ठेवला. नव्या पट्टीवर बटणं शेजारी नव्हती, एकाखाली एक होती. सगळ्यात वर 'मागे', एकच शब्द, शब्दातच, बाण नाही. मधल्या बटणावर 'डाग राहिला', खाली 'घरी पाठवा'. अक्षर मोठं केलं तर ओळ तुटून खाली यायची, कापली जायची नाही. दाबलं की आधी विचारणार, खरंच राहिला का? हो म्हटलं तरच दादाकडे टिंग.

सरांनी पट्टी दोनदा ओढून बघितली. "हा शब्द कुठून आणलात? डाग राहिला?"

"इथूनच," तिने काउंटरवर हात ठेवला. "सतरा वर्षं ऐकतेय. लिहिताना मात्र पुस्तकातल्यासारखं लिहिलं."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. दादाची मान वहीवर जाण्याइतकी लांब नाही, नाहीतर त्याने वाचलं असतं.

"बाकीच्या एकवीस जणांच्या ॲपमध्ये काय काय निघालं?" काकांनी विचारलं. आज ते कमी बोलणार होते.

"कालपर्यंत नऊ जणांकडे जाऊन आलो," सर म्हणाले. "सगळे म्हणाले, एकही चूक नाही."

"मग वापरलंच नाही कुणी," काका म्हणाले. "घड्याळ चालत असेल तरच पुढे-मागे होतं."

सरांनी हेही वहीत टिपलं. मग पडदेवाल्या आजींकडे जाऊन आले, आणखी दहा-बारा जणांना फोन केले. दुपारी वही बंद केली, स्वतःचा गठ्ठा उचलला, तीनशे अकरा, आणि दारात थांबले.

"सोमवारी परत या," ते नंबरताईला म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले.

दुकानात कुणी हललं नाही. मालकीणबाईंनी काकांकडे बघितलं, काकांनी दादाकडे.

"परत म्हणजे?" दादा म्हणाला. "परीक्षा पुन्हा, का वर्गात मागे, का..."

"सर," नंबरताईने दारातून हाक मारली. "परत म्हणजे काय?"

सर रस्त्यावरून वळले. "मोठ्या वर्गाला, ताई. साडेनऊला. आणि तो पुठ्ठ्याचा फोन आणा, बाकी जे पाच येतील त्यांना दाखवायचाय."

दादाने पुढे काय केलं ते सगळ्या रस्त्याला माहीत आहे. तो इस्त्री बंद करून, शेवटी ती बंद केली हे महत्त्वाचं, प्रत्येक दुकानात जाऊन सांगून आला. औषधवाल्याला सांगितलं, कुलूपवाल्याला सांगितलं, दाढी करायला बसलेल्या एका अनोळखी माणसाला अर्ध्या दाढीत सांगितलं. सहा जागा, बावीस माणसं, आणि त्यात आमची बारकी. काकांना त्याने पाच नवे पांढरे शर्ट आणून दिले आणि कॉलरी अशा बसवल्या की काकांनी भिंग लावून बघितल्या.

संध्याकाळी दोघं घरी पोचली तेव्हा आई दाराशीच बसली होती. लेकीचा चेहरा बघूनच तिला कळलं.

"लागलं का एकदाचं बटण?"

"लागलं, आई."

"घट्ट?"

नंबरताईने दादाकडे बघितलं. दादाने आपलं निबर बोट वर करून दाखवलं.

"याच्या बोटाने दाबून बघितलंय," ती म्हणाली.